शेवाळाचा आळ

आबा, म्हणजे माझे सासरे, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बारामतीला आमच्याकडं आले, तेव्हा आमच्या हॉलमध्ये समुद्र होता. चार फुटांच्या काचेच्या टाकीला 'समुद्र' हे नाव त्यांनीच दिलं. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर दुसऱ्याच दिवशी ते टाकीपाशी गेले, झाकण सरकवलं, बोट बुडवलं आणि सरळ चाटलं.

"खरं हाय," ते म्हणाले. "कोकणातलं पाणी असंच लागतंय."

आबांना समुद्र ठाऊक होता. मोरगावच्या बाजूला त्यांचं कोरडवाहू रान. तरुणपणी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन ते घाट उतरून कोकणात जायचे. मेंढरं कधीच विकली गेली, सासूबाईही गेल्या, आणि ऑपरेशननंतर महिनाभर राहायला आलेले आबा पुढं आमच्याकडंच राहिले. प्लॅस्टिकची एक खुर्ची त्यांनी टाकीसमोर ओढून घेतली. सकाळचा चहा, दुपारची भाकरी, सगळं तिथंच.

टाकी माझी होती. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. समुद्रापासून इतक्या लांब, उसाच्या पट्ट्यात, समुद्राचं पाणी आपण स्वतः तयार करतो याचा मला फार अभिमान होता. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ मोजून विरघळवायचं, क्षारता तपासायची, मग ते पाणी टाकीत. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं आणि मीठ मागं राहतं, म्हणून तेवढीच भर साध्या आरओच्या पाण्यानं घालायची. पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. आत खडक होते, क्लाउनफिशची एक जोडी होती, दोन हिरवट डॅमसेल आणि वाळूत बीळ करून राहणारा एक गोबी. पाच मासे, बस. क्लाउनफिशमध्ये मादी मोठी असते. आबा तिला 'थोरली' म्हणायचे. सकाळी चिमूटभर खाणं घालायचं काम मी त्यांना दिलं होतं.

थंडी सरता सरता शेवाळ आलं.

आधी खडकाच्या एका कडेला हिरवी लव दिसली. मी ब्रशनं घासून काढली. आठवडाभरात ती बोटभर लांब होऊन परत आली, मग पंपाच्या तोंडावर, मग मागच्या काचेवर. केसांसारखं शेवाळ. ओढलं की मुठीत येतं आणि मुठीबाहेर राहिलेलं दुप्पट वाढतं. मी पाण्यातलं नायट्रेट तपासलं. परीक्षानळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते लालभडक झालं. म्हणजे शेवाळाला खत मिळत होतं. प्रश्न एवढाच होता की खत येतंय कुठून.

आणि उत्तर मला समोर बसलेलं दिसत होतं. आबा टाकीसमोर बसून भाकरी खायचे. एकदा मी हॉलमध्ये आले तेव्हा त्यांच्या चिमटीत भाकरीचा चुरा होता आणि टाकीचं झाकण अर्धं उघडं होतं. झाकण मीच सकाळी तसं ठेवलं होतं, पण त्या वेळी मला ते आठवलं नाही. आठवावंसं वाटलं नाही, असं म्हणणं जास्त खरं.

त्या रविवारी पणदऱ्याहून माझी नणंद आणि तिचे यजमान आले होते. शेजारच्या काकूही चहाला थांबल्या होत्या. नणंदेनं टाकीकडं पाहिलं आणि हसली. "अगंबाई, ही माशांची टाकी हाय का डबकं?"

तिला चेष्टाच करायची होती. पण दोन आठवडे रोज तासभर हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात घालून माझी कातडी सोललेली होती.

"तुमच्या वडलांना विचारा, वन्सं," मी म्हणाले. "दिवसभर तिथं भाकरी चुरत बसतात. मी रसायनशास्त्र शिकवते, मला कळतं हे कुठून येतं ते."

काकूंनी कप खाली ठेवला. आबांनी माझ्याकडं पाहिलं, नव्या, स्वच्छ झालेल्या डोळ्यांनी.

"मी न्हाय टाकली," ते म्हणाले. आणि मी कप गोळा करायला लागले तेव्हा, "बरं. ऱ्हाऊ दे."

पाहुणे गेल्यावर आबांनी खुर्ची उचलली आणि बाल्कनीत नेऊन ठेवली. तोंड रस्त्याकडं. नवरा मला आत बोलावून म्हणाला, "अगं, निदान लोकांसमोर तरी नको होतं." मी म्हणाले, खरं ते खरं. दुसऱ्या दिवसापासून खाणं मी घालू लागले, निम्मं. शेवाळ कमी व्हायला हवं होतं. झालं नाही. तिसऱ्या आठवड्यात खडकच दिसेनासे झाले. तरीही माझ्या मनात आलं नाही की आपण चुकलो असू. मनात आलं ते एवढंच, की आधीचं साचलेलं असणार, जोर लावायला हवा.

मी जोर लावला. पुण्याला जाऊन शेवाळ खाणारे जीव घेऊन आले. एक मोठा टँग, ताटलीसारखा चपटा आणि सतत फिरणारा, ज्याला खरं तर सहा फुटांची टाकी लागते. एक पिवळा रॅबिटफिश. वीस गोगलगायी, डझनभर शंखातले खेकडे. एका दुपारी सगळे एकदमच आत सोडले. नवीन जीव एकेक करून, आठवड्यांच्या अंतरानं आणावेत, हे मीच इतरांना सांगत असे.

आबा बाल्कनीच्या दारात उभे राहून बघत होते. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच टाकीबद्दल बोलले.

"पोरी, चारा लय दिसतोय म्हणून मेंढरं वाढवत न्हाईत. चारा सरतोय, मेंढरं ऱ्हात्यात. आन् खाल्लेलं मागनं बाहेर बी पडतंय."

"आबा, ही मेंढरं नाहीत," मी म्हणाले.

"न्हाईत की," ते म्हणाले आणि परत जाऊन बसले.

टँगनं पहिल्या दिवसापासून थोरलीला तिच्या कोपऱ्यातून हुसकायला सुरुवात केली. तिच्या शेपटीची कड फाटली. शेवाळ मात्र होतं तेवढंच. मग मी शेवटचा उपाय ठरवला, अंधार. तीन दिवस दिवे बंद, टाकीवर जाड घोंगडं, उजेडाचा कण आत जाऊ द्यायचा नाही. उजेडाशिवाय शेवाळ मरतं. मरतं तेव्हा ते कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं, हे मला पाठ होतं. पंप चालू असला की पाणी हलत राहतं आणि निभावतं, हेही. सगळ्यांना मी बजावलं, घोंगड्याला कुणी हात लावायचा नाही. 'सगळ्यांना' म्हणताना मी कुणाकडं पाहत होते ते सगळ्यांना कळलं.

तिसरा दिवस गुरुवार होता. गुरुवारी आमच्याकडं दुरुस्तीसाठी वीज जाते. वर्षानुवर्षं जाते. मी विसरले.

सकाळी साडेदहाच्या सुमारास मी प्रयोगशाळेत होते, मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. फोन थरथरला. आबा कधी फोन करत नाहीत. मी व्हरांड्यात येऊन उचलला.

"पोरी, तू म्हणाली व्हतीस हात लावू नगं," ते हळूच म्हणाले. "पर लाइट गेल्याली हाय, आन् आतला आवाज कवाचा बंद झालाय. घोंगडं काढू का?"

इन्व्हर्टरची बॅटरी जुनी झाली होती. तासभर टिकली असेल. म्हणजे पंप केव्हाचा बंद होता, आणि आबा त्या झाकलेल्या टाकीपुढं परवानगीसाठी थांबले होते.

"काढा आबा, काढा लगेच."

घोंगडं ओढल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

"आबा?"

"समदं पांढरं झालंय. मासं वर आल्यात, तोंडं काढून. वास येतोय."

"तांब्या घ्या," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मुलं खिडकीतून बघत होती. "टाकीतलंच पाणी घ्या आणि उंचावरून परत ओता. थांबू नका. मी आले."

सहकारी बाईंवर परीक्षा सोपवून मी स्कूटी काढली. घरी पोचले तेव्हा आबा स्टुलावर उभे होते. सदऱ्याच्या बाह्या वर, तांब्या भरायचा, डोक्याच्या उंचीपर्यंत न्यायचा, धार सोडायची. फरशीवर खाऱ्या पाण्याचं तळं झालं होतं. मासे पृष्ठभागाशी ओळीनं लागले होते, कल्ले फाकवत. टँग आडवा होऊ लागला होता. वाळूत गोगलगायी उलट्या पडल्या होत्या. मी अमोनियाची तपासणी केली. पिवळं हवं ते पाणी गडद हिरवं झालं. विष.

निम्मं पाणी बदलणं एवढाच उपाय होता. मीठ जेमतेम एका बादलीपुरतं उरलं होतं, आणि विजेशिवाय आरओही बंद. नवरा कामानं सोलापूरला गेला होता. मी इंदापूरला फोन लावला. तिथं एक निवृत्त भूमापक राहतात, त्यांची सहा फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. ओळख फोनवरचीच. मी दोन वाक्यांत सांगितलं.

"खाऱ्या पाण्याची दोन पिंपं तयार असतात माझ्याकडं," ते म्हणाले. "बॅटरीवरचा हवेचा पंपही आहे. कॅन घेऊन या. बोलण्यात वेळ घालवू नका."

मी पाच कॅन कारमध्ये टाकले. दारात थांबले. आबा ओततच होते.

"मला दोन-अडीच तास लागतील, आबा. तुमच्यानं होईल?"

"जा की," ते म्हणाले. मागं वळले नाहीत. "हितं मी हाय."

त्या दिवशी इंदापूरचा रस्ता संपता संपेना. कारखान्यांचा हंगाम शेवटाला आला होता, आणि उरलेला सगळा ऊस त्याच दिवशी रस्त्यावर आल्यासारखा. एका ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, पुढचं काही दिसायचं नाही. मी ओव्हरटेकसाठी बाहेर डोकवायची, समोरून एसटी यायची, परत आत. निमगावच्या अलीकडं एक ट्रॉली कलंडली होती, तिथं पंधरा मिनिटं गेली. मी घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. परत लावला. हातात तांब्या आहे म्हणून उचलत नसतील, असं मी स्वतःला सांगितलं. पण स्टूल ओलं होतं, फरशी ओली होती, आणि आबांची सत्तरी कधीच उलटली होती. त्या क्षणी मासे माझ्या डोक्यातून गेले. कलंडलेल्या उसाकडं बघत मी फक्त फरशीचा विचार करत होते.

इंदापुरात ते गृहस्थ दारातच उभे होते. पाइप सोडून त्यांनी पहिला कॅन भरायला लावला आणि विचारलं, "ताई, नायट्रेट मुळात वाढलं कशानं?"

"घरातले... जास्त खाणं पडत होतं," मी म्हणाले.

"ते बंद केल्यावर उतरलं?"

"नाही."

"वरून भर कुठल्या पाण्याची घालता?"

"आरओच्या."

"तपासलंय का ते?"

आरओच्या पाण्यातले क्षार मोजायचं पेन माझ्याकडं होतं. त्याचा सेल वर्षापूर्वी संपला होता. कॉलेजच्या कपाटात तसे सेल डब्यानं पडलेले असतात, आणि मी रोज विसरत होते.

"नमुना असता तर आत्ताच बघितलं असतं," ते म्हणाले.

माझ्या पर्समध्ये पाण्याची बाटली होती. घरच्याच आरओची, सकाळी भरलेली. मी ती त्यांच्यापुढं धरली. त्यांनी नळीत थोडं पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं आणि ओट्यावर उभी केली. रंग यायला पाच मिनिटं लागतात. आम्ही कॅन भरत राहिलो. तिसरा कॅन भरत असताना मी वळून पाहिलं. नळी लाल झाली होती. आमच्या टाकीतल्या पाण्यासारखीच लाल.

"बोअरचं पाणी ना सोसायटीला?" ते म्हणाले. "भोवती सगळा ऊस. युरिया खाली उतरतोच. तुमच्या आरओचा पडदा गेलाय ताई, केव्हाचा. तुम्ही रोज खतच घालत होता टाकीत."

"आबांनी टाकली नव्हती," मी म्हणाले. मी कशाबद्दल बोलतेय हे त्यांना कळलं नाही. त्यांनी पंप पिशवीत घातला आणि कॅन उचलायला मदत केली.

परतीच्या वाटेवर मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा उचलला गेला. पलीकडून पाण्याची धार ऐकू आली, आणि "ये सावकाश," एवढंच.

मी पोचले तेव्हा ते स्टुलावरून उतरलेले होते. टाकीच्या कडेला छाती टेकून, डाव्या हातानं ओतत होते, कारण उजवा उचलत नव्हता. वर्तमानपत्रावर मेलेल्या गोगलगायी त्यांनी काढून मांडल्या होत्या. शेजारी पिवळा रॅबिटफिश. आणि थोरली.

"काढली तवा जीव व्हता," ते म्हणाले. "बादलीत घालून बघितली. न्हाय राहिली."

मी तांब्या त्यांच्या हातातून घेतला. त्यांची बोटं मिठानं पांढरी झाली होती आणि मिटत नव्हती. हवेचा पंप लावला, बुडबुडे सुरू झाले. मग जुनं पाणी पाइपनं काढायचं, नवं हळूहळू घालायचं. आबा खाली बसून कॅनला टेकू देत होते. चारच्या सुमारास वीज आली. मोठा पंप घुरघुरला, आणि टँग पहिल्यांदा सरळ पोहला. थोरलीचा जोडीदार, धाकटा क्लाउनफिश, खडकाच्या फटीतून बाहेर आला आणि तिच्या कोपऱ्यात जाऊन घुटमळत राहिला. अमोनिया निम्म्याहून खाली आला होता. आम्ही दोघं ओल्या फरशीवर तसेच बसलो.

"आबा," मी म्हणाले, "चूक माझी होती. भाकरीचं काही नव्हतं. आपल्या आरओचं पाणीच खराब आहे, बोअरमध्ये खत उतरलंय. इंदापुरात तपासलं. मी तपासायला हवं होतं. न तपासता तुमच्यावर आळ घेतला."

ते बोटं चोळत राहिले.

"मंग त्येच पाणी आपुन पितोय व्हय?"

"हो."

"ते आदी बघ." मग म्हणाले, "चारचौघांत म्हणाली व्हतीस, पोरी."

"हो."

"मंग सांगायचं बी चारचौघांत."

ते रागानं म्हणाले नाहीत. हिशोब कसा असतो ते मला माहीत नाही असं समजून, शांतपणे सांगितलं. मी फोन काढला आणि त्यांच्यादेखत नणंदेला लावला, आवाज मोठा ठेवून. वर्गात साठ मुलांसमोर बोलायला मला कधी काही वाटत नाही. "वन्सं, त्या दिवशी मी आबांबद्दल बोलले ते खोटं होतं," इथून सुरुवात केली आणि पेनच्या सेलपर्यंत सगळं सांगितलं. नणंद म्हणाली, "वैनी, आबा तवापास्नं माझ्याकडं दोनदा ईऊन गेलं. मला हितंच ऱ्हायाला ने, म्हणत व्हतं. तुमाला म्हायती हाय का?"

मला माहीत नव्हतं. ते फेरफटक्याला जातात असं मला वाटायचं. मी आबांकडं पाहिलं. ते वर्तमानपत्राची घडी करत होते, आतल्या मेलेल्या जिवांसकट, काळजीपूर्वक.

शेजारच्या काकूंकडं मी त्याच संध्याकाळी गेले. त्यांनाही सांगितलं. त्यांचं पाणीही तपासलं, त्यांच्याही आरओचा पडदा गेलेला निघाला.

नवीन पडदा बसवल्यावरही शेवाळ एकदम गेलं नाही. दर रविवारी थोडं पाणी बदलायचं, हातानं निघेल तेवढं काढायचं, बाकी सोडून द्यायचं. आंब्याचे दिवस संपेपर्यंत खडकांचा मूळ जांभळा रंग दिसायला लागला. टँग आणि उरलेले बरेचसे खेकडे मी इंदापूरच्या गृहस्थांना देऊन आले, आता तो सहा फुटांत फिरतो. आमच्या टाकीत चार मासे राहिले. आबा मात्र बाल्कनीतच बसायचे. मी एकदा खुर्ची आत आणून ठेवली, तर संध्याकाळी ती परत बाहेर होती. मग मी काही केलं नाही.

धाकटा क्लाउनफिश वाढला. मादी गेली की राहिलेला नर स्वतःच मादी होतो. पुस्तकात मी ते शंभरदा वाचलं होतं. श्रावणाच्या आसपास क्लाउनफिशचं एक बोटभर पिल्लू मिळालं, आणि मी पिशवी टाकीत तरंगत ठेवून आबांना विचारलं, "सोडू का? एकच आहे."

ते उठून आले. आधी टाकीतल्याकडं पाहिलं, मग पिशवीतल्याकडं.

"सोड. मारायला लागली तर लगीच काढ."

मी पिल्लू सोडलं आणि जाळी हातात धरून उभी राहिले. आता मादी झालेली मोठी सरळ पिल्लाच्या अंगावर गेली. पिल्लू पळालं नाही. एका कुशीवर झालं आणि सगळं अंग थरथर हलवायला लागलं, मोठ्यापुढं धाकट्यानं वाकावं तसं. तिनं त्याला एकदा ढुसणी दिली. माझा हात पाण्यात गेला.

"थांब," आबा म्हणाले.

दुसरी ढुसणी हलकी होती. मग ती वळली आणि खडकाकडं निघाली, आणि पिल्लू तिच्या मागं.

आबांनी खाण्याचा डबा मागितला. झाकण उघडलं, चिमूट भरली, आणि माझ्यासमोर धरली. मी बघितल्यावरच त्यांनी ती सोडली.